श्टुटगार्टला नव्याने येताय? जर्मन येईपर्यंत डोकं फडताळात ठेवू नका

पुण्याहून, चाकणहून किंवा मुंबईहून नोकरीसाठी श्टुटगार्टला येणाऱ्यांचा पहिला महिना ठरलेला असतो. घर शोधणं, पत्त्याची नोंदणी, बँक, इन्शुरन्स, मुलांची शाळा, पोहे कुठल्या दुकानात मिळतात ते. ही सगळी माहिती मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दहा मिनिटांत मिळते. पण तिकडे दर आठवड्याला व्याख्यानाला जाणारा माणूस, एकांकिकेच्या तालमी करणारी, शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारी बाई इथे आल्यावर वर्षभरात ऑफिस, सुपरमार्केट आणि सोफा एवढ्यावर येते, त्याबद्दल ग्रुपवर कुणी बोलत नाही. कधी विचारलंच तर उत्तर तयार असतं: ‘आधी बी-वन (जर्मनची मधली पातळी; ए-वन, ए-टू तिच्या खालच्या, बी-टू वरची) होऊ दे, मग बघू.’

माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. विषय आधी धरा, भाषा त्याच्या मागून येते. नोकरी आणि घर सांभाळून बी-वन व्हायला दीड-दोन वर्षं सहज लागतात. तेवढा काळ डोकं रिकामं ठेवलं की परत सुरू करायचा कंटाळा येतो. शिवाय बी-वनच्या पुस्तकात असतं काय? भाड्याचं घर, डॉक्टरची वेळ, सुट्टीतला प्रवास. चाळिशीच्या माणसाने यावर किती उत्साहाने बोलावं! ज्या विषयावर आपण रात्री एकपर्यंत वाद घालू शकतो, त्यातले शब्द मात्र कुणी पाठ करायला न सांगता डोक्यात बसतात.

पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने केल्या तर बऱ्या. पहिली मात्र लगेचच करा.

पहिली पायरी: लायब्ररीचं कार्ड

नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्ता नोंदवावा लागतो. त्या आनमेल्डुंगचा कागद हातात पडला की तो आणि पासपोर्ट घेऊन माइलेंडर प्लाट्झवरच्या मध्यवर्ती लायब्ररीत जा. २०११ साली उघडलेली ही इमारत चुकणं अशक्य आहे. कोरियन वास्तुविशारद उन यंग यी यांनी बांधलेला राखाडी-पांढरा मोठा चौकोनी ठोकळा, चार बाजूंना ‘ग्रंथालय’ हा शब्द चार भाषांत: जर्मन, इंग्रजी, कोरियन आणि अरबी. आत भिंती, जिने, कठडे सगळं पांढरं, रंग काय तो पुस्तकांचा. शनिवारी दुपारी निम्मी गर्दी फोटो काढणाऱ्यांची असते, तेव्हा बसून वाचायचं असेल तर आठवड्यातल्या एखाद्या सकाळी जावं. दाराशी एक छोटं ‘निद्रानाश असलेल्यांचं वाचनालय’ही आहे, म्हणजे कपाटांतून चोवीस तास पुस्तक नेता येतं. भारताशी कॉलसाठी पहाटे उठणाऱ्यांनी लक्षात ठेवावं असं.

कार्ड मिळालं की दोन कामं तिथेच उरकून घ्या. ‘ओनलाये’ या ई-पुस्तकांच्या सेवेसाठी पासवर्ड कसा वापरायचा ते काउंटरवर विचारा. आणि भाषेच्या गप्पांचा गट कधी बसतो तेही विचारा. जर्मनीतल्या अनेक शहरी लायब्रऱ्यांत असे गट चालतात, त्यांना बहुधा परीक्षा नसते, नाव नोंदवावं लागत नाही आणि चुकीचं व्याकरण ऐकायची तिथल्या लोकांना सवय असते.

मग थेट मुलांच्या विभागात जा. लाज वाटून घेऊ नका. ‘वास इस्ट वास’ नावाची माहितीपर पुस्तकांची मालिका जर्मनीत १९६१ पासून निघते आहे. ग्रह, पूल, रोमन साम्राज्य, हवामान, मेंदू, असा कुठलाही विषय त्यात सापडतो. तुम्हाला आधीपासून नीट येणाऱ्या विषयाचं पुस्तक उचला. ते वाचण्याची माझी पद्धत अशी: पहिल्या फेरीत फक्त चित्रांखालचे मजकूर. ग्रहांच्या पुस्तकात सूर्याभोवती अंडाकृती रेघ काढलेली असते, खाली ‘उम्लाउफबान’ लिहिलेलं असतं. ही कक्षा आहे हे सांगायला शब्दकोश लागत नाही. दुसऱ्या फेरीत एकच पान, पण वाक्याच्या शेवटी जाऊन बसलेलं क्रियापद आधी शोधायचं आणि मग सुरुवातीकडे यायचं. क्रियापद शेवटी येण्याची सवय मराठी माणसाला जन्मजात आहे. या एका बाबतीत आपण इंग्रजीवाल्यांच्या पुढे आहोत. तिसऱ्या फेरीत वहीत दहाच शब्द उतरवायचे, त्याहून जास्त नकोत. आठवड्याला एक पुस्तक झालं तरी उत्तम.

दुसरी पायरी: एक विषय ठरवणं

‘जर्मन शिकणं’ हा विषय धरू नका. ती सोय आहे. विषय म्हणजे ज्यासाठी तुम्ही तिकडे असताना रविवारची झोप मोडून उठला असतात तो. एकच निवडा, निदान पहिल्या वर्षी. तीन निवडले की तिन्ही अर्धवट राहतात.

मग त्या विषयाचं या शहरात दार कुठे आहे ते शोधा. श्टुटगार्टची ख्याती मोटारींमुळे, त्यामुळे पाहुण्यांना आपण फक्त मोटारींची दोन संग्रहालयं दाखवतो. पण या भागात थोडं उकरलं की बरंच निघतं. वास्तुकलेचं शिक्षण झालेल्यांसाठी व्हायसेनहोफ वसाहत आहे. १९२७ च्या प्रदर्शनासाठी बांधलेल्या या घरांपैकी काही आजही उभी आहेत, त्यांतली ल कॉर्बुझिएची दोन २०१६ साली जागतिक वारसा यादीत आली. त्याच नोंदीत चंडीगढचा कॅपिटॉल परिसरही आहे. कॉर्बुझिएने चंडीगढमध्ये पुढे काय केलं ते माहीत असलेल्या माणसाने पंचवीस वर्षांआधीचं हे काम बघितलं की तुलना आपोआप सुरू होते. एका घरात संग्रहालय आहे.

खगोलशास्त्राची आवड असेल तर एस-सिक्स या लोकल गाडीत बसा आणि शेवटच्या थांब्यावर, वाइल डेर श्टाट्टला उतरा. योहानेस केप्लर १५७१ साली या गावात जन्मला, त्याच्या जन्मघरात छोटं संग्रहालय आहे. साहित्यवाल्यांसाठी मारबाख हे गाव, एस-फोर वर. कवी-नाटककार शिलर इथे १७५९ मध्ये जन्मला, आणि जर्मन साहित्याचा राष्ट्रीय दप्तरखानाही इथेच आहे. लेखकांची हस्तलिखितं, पत्रं काचेआड मांडलेली दिसतात. जर्मन कमी येत असलं तरी खोडाखोड कळतेच. तत्त्वज्ञानवाल्यांना हेगेलचं जन्मघर शहराच्या मध्यातच मिळेल, जन्म १७७० चा. भाषाशास्त्राची गोडी असेल तर हेर्मान गुंडर्टचं नाव लिहून ठेवा. हा श्टुटगार्टचाच, १८१४ चा जन्म. केरळात जाऊन त्याने मल्याळमचा मोठा शब्दकोश तयार केला, तो १८७२ मध्ये निघाला. कादंबरीकार हेर्मान हेसेचा हा आजोबा. ट्युबिंगेन विद्यापीठात त्याच्या नावाने मल्याळमचं अध्यासनही आहे. आणि मुंबईकरांना सांगायला हवं की मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत.

डॉइचलांड-तिकीट, म्हणजे देशभरच्या लोकल गाड्या आणि बसचा मासिक पास, काढलेलं असेल तर यातल्या कुठल्याही ठिकाणी जायला वेगळं भाडं पडत नाही.

तिसरी पायरी: फोल्क्सहोखशूल, पण जरा वेगळ्या वापरासाठी

बोलताना सगळे ‘फाउ-हा-एस’ म्हणतात. प्रौढांसाठीची ही सार्वजनिक शाळा, जर्मनीत अशा आठशेहून अधिक आहेत. १९१९ च्या वायमार राज्यघटनेत १४८ व्या कलमात त्यांना सरकारने पाठबळ द्यावं असं लिहिलेलं होतं, इतकी ही गोष्ट इथे मुरलेली आहे. श्टुटगार्टची फाउ-हा-एस रोटेब्युलप्लाट्झवर आहे. सत्र दोन: एक फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास सुरू होतं, दुसरं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. वेळापत्रक त्याआधी काही आठवडे निघतं आणि चांगले वर्ग लवकर भरतात.

आपले लोक इथे फक्त जर्मनच्या वर्गाला येतात आणि परत जातात. भाषेचा वर्ग जरूर घ्या. पण ए-टू झालं की पुढच्या सत्रात भाषेच्या जोडीला एक असा वर्ग घ्या जिथे हातांना काम आहे: रेखाटन, मातीकाम, सायकलदुरुस्ती, पुस्तकबांधणी. हाताला काम असलं की शांत बसलेलं अवघड वाटत नाही. शेजारचा माणूस ‘ते दे जरा’ म्हणतो, तुम्ही देता, दोन तासांत वीस वाक्यं कानावर पडतात. आणि ती वाक्यं भाषेच्या पुस्तकातली नसतात. बी-वननंतर व्याख्यानांच्या मालिका घ्या.

घरी बसून करायचं असेल तर फाउ-हा-एसचं ऑनलाइन लेर्नपोर्टल ए-वनपासून बी-टूपर्यंत मोफत आहे. डॉइचे वेले या जर्मनीच्या परदेशांसाठीच्या प्रसारण संस्थेचा ‘निकोस वेग’ हा बी-वनपर्यंतचा व्हिडिओ-अभ्यासक्रमही मोफत.

इंटिग्रेशनचा, म्हणजे परदेशातून आलेल्यांसाठीचा सरकारी, वर्ग मिळत असेल तर सोडू नका. ६०० तासिका भाषेच्या आणि १०० तासिका जर्मनीचा इतिहास, कायदा आणि समाज यांच्या. आपल्याकडचे उच्चशिक्षित लोक त्या शंभर तासिकांना नाकं मुरडतात. मला विचाराल तर सगळ्यात खमंग भाग तोच. त्याच्या शेवटी ३३ प्रश्नांची परीक्षा असते. प्रश्नसंच आधीपासून जाहीर असतो, ३०० सर्वसाधारण आणि १० तुमच्या राज्याचे. वर्गात न जाणाऱ्यांनीही तो संच नुसता चाळावा. हे लोक स्वतःविषयी नवख्याला काय सांगू इच्छितात ते त्यातून दिसतं.

विद्यापीठाचं दार अगदीच बंद नाही. इथल्या बऱ्याच विद्यापीठांत ‘गास्टह्योरर’ म्हणून, परीक्षा न देता, फी भरून तासांना बसता येतं. बी-टूच्या आधी त्यात दम लागतो, एवढं लक्षात ठेवा.

चौथी पायरी: ज्याचे पैसे जातातच आहेत ते ऐका

घरात टीव्ही नसला तरी सार्वजनिक प्रसारणाची वर्गणी प्रत्येक घराला भरावी लागते. २०२१ पासून ती दरमहा १८.३६ युरो आहे. पहिलं पत्र आलं की सगळे चडफडतात. चडफडून झाल्यावर ते पैसे वसूल करा.

डॉइचलांडफुंक रेडिओवर जाहिराती नाहीत. त्याच घराण्यातली ‘नाखरिख्टनलाइख्ट’ ही सेवा दर शुक्रवारी आठवड्याच्या बातम्या सोप्या भाषेत देते. टागेसशाऊ या टीव्हीवरच्या मुख्य बातमीपत्राचीही सोप्या भाषेतली आवृत्ती २०२४ पासून सुरू झाली आहे. डॉइचे वेलेवर सावकाश वाचलेल्या बातम्या मिळतात. आणि रविवारी सकाळी मुलांना घेऊन ‘उंदराचा कार्यक्रम’ बघा. १९७१ पासून चालू असलेल्या या कार्यक्रमात टूथपेस्टच्या नळीत पट्टे कसे भरतात असल्या गोष्टी कारखान्यात जाऊन दाखवतात. सुरुवातीची ओळख आधी जर्मनमध्ये आणि मग दुसऱ्या एखाद्या भाषेत करून देतात. कधी कुठली भाषा ते ओळखायचा घरोघरी खेळ होतो. मोठ्यांनाही आवडतो हो, फक्त कुणी कबूल करत नाही.

पाचवी पायरी: फेराइन

खरी वस्ती इथे सुरू होते. जर्मनीत सहा लाखांहून अधिक नोंदणीकृत संस्था, म्हणजे फेराइन, आहेत, नोंदणीला किमान सात सभासद लागतात. बुद्धिबळ, समूहगान, मधमाश्या, जुन्या आगगाड्या, एस्पेरांतो, कशालाही फेराइन असतं. उदाहरण म्हणून उलांड्सह्योहे टेकडीवरची वेधशाळा घ्या. १९२२ पासून ती हौशी लोकांची संस्था चालवते. आकाश निरभ्र असलं की संध्याकाळी येणाऱ्यांना दुर्बिणीतून ग्रह दाखवतात, समजावून सांगणारे सगळे स्वयंसेवक. तिथे शनी बघायला जाणं कुणालाही जमतं. तिथे सभासद होणं हा विषय धरण्याचा पुढचा टप्पा.

फेराइनमध्ये शिरायची रीत आपल्या मंडळांपेक्षा वेगळी आहे. सरळ जाऊन ‘मीही येतो’ म्हणू नका. आधी ईमेल लिहा, तीनच ओळींचा: मी कोण, हा विषय मला किती वर्षं माहीत आहे, जर्मन अजून कच्ची आहे, एकदा येऊन बघता येईल का. कच्च्या जर्मनमध्येच लिहा, इंग्रजीत लिहिलेल्या पत्राचं उत्तर द्यायला त्यांनाही जड जातं. बहुतेक ठिकाणी एक-दोनदा ‘श्नुपर्न’ला, म्हणजे पैसे न भरता बघायला, येऊ देतात. ठरलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी पोहोचा. आत गेल्यावर प्रत्येकाशी हात मिळवून नाव सांगा. पहिल्या बैठकीत तुमच्याशी फार कुणी बोलणार नाही, तो राग समजू नका. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलायला थांबा. इथली खरी ओळख खुर्च्या उचलताना होते, हे मी बऱ्याच फेराइनांत पाहिलं आहे. वाढदिवसाला केक आपणच न्यायचा असतो, लोक आणतील म्हणून वाट बघत बसू नये.

दोन सावध सूचना. एक, वर्गणी बँकेतून आपोआप कापली जाते आणि सभासदत्व सोडायला लेखी सूचना लागते, बऱ्याचदा वर्ष संपायच्या काही महिने आधी. सही करण्यापूर्वी ती मुदत वाचून घ्या. दोन, इथले ज्येष्ठ सभासद श्वेबिश ही इथली बोली बोलतात. टीव्हीवरचं सगळं समजायला लागलेला माणूस इथे पहिल्या संध्याकाळी पार गारद होतो. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग हे इथलं राज्य २०२१ पर्यंत स्वतःची जाहिरातच ‘आम्हाला सगळं जमतं, प्रमाण जर्मन सोडून’ अशी करत होतं, तेव्हा सावकाश बोलायला सांगितलं तर कुणाला वाईट वाटत नाही.

सहावी पायरी: घरातली वाटणी

हे स्पष्ट बोललेलं बरं. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या कामाच्या परवान्यावर, येणाऱ्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी ए-वनची अट नसते, आणि आल्यावर काम करायची मुभाही असते. सवलत चांगली आहे, पण तिच्यामुळे निम्म्या घरांत एक जण, बहुतेक वेळा बायको, भाषेचा एकही शब्द न येता इथे उतरते. नवऱ्याचं ऑफिस इंग्रजीत चालतं, त्याला घाई नसते. तिचा दिवस मात्र बालवाडीच्या नोटिशी, डॉक्टर आणि शेजारच्या आजी यांच्यासोबत जर्मनमध्ये जातो. वर्षभराने तिची जर्मन त्याच्यापेक्षा चांगली असते आणि तिचा स्वतःचा विषय पार मागे पडलेला असतो.

उपाय साधा आहे, राबवायला कठीण. आठवड्यातली एक संध्याकाळ तिची, एक त्याची. त्या संध्याकाळी दुसऱ्याने मुलं, जेवण, आंघोळी सगळं बघायचं, फोन करून ‘डाळ कुठे ठेवलीय’ विचारायचं नाही. वार ठरवून कॅलेंडरमध्ये टाका, ‘जमेल तसं’ म्हटलं की ते जमत नाही. हे ऑक्टोबरपूर्वी बसवा. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, रविवारी दुकानं बंद असतात, आणि अंधारात नव्याने बाहेर पडायला सुरुवात करणं फार थोड्यांना जमतं. आधीपासून ठरलेल्या ठिकाणी माणूस अंधारातही जातो.

सातवी पायरी: मराठीचं काय

मराठी मुलांना शिकवायची भाषा म्हणून जपतात सगळे, स्वतःसाठी फारच थोडे वापरतात. पाचव्या पायरीवर पोहोचलात की जे ऐकलं, बघितलं त्यावर आठवड्याला एक पान मराठीत लिहा. केप्लरच्या घरात काय मांडलं आहे, व्हायसेनहोफच्या घरात स्वयंपाकघर केवढं आहे. जर्मनमध्ये अर्धवट समजलेली गोष्ट मराठीत लिहायला बसलं की आपल्याला काय कळलं नाही ते उघडं पडतं. त्यातलं काही मराठी विकिपीडियावर घालता येतं, या परिसराबद्दल तिथे भर घालायला पुष्कळ जागा आहे. अडलं तर मराठी विश्वकोश इंटरनेटवर मोफत आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत बसून उभं केलेलं ते काम परदेशात बसून वाचताना जास्त उपयोगी पडतं.

दिवाळी अंकांचं आधी ठरवा. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने सुरू केलेली ही प्रथा टपालखर्चापुढे हात टेकते, म्हणून चार घरांनी मिळून ऑक्टोबर-नोव्हेंबरात येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून चार वेगवेगळे अंक मागवावेत आणि महिन्याला अदलाबदल करावी. अंक हरवला कुणाकडून हा वाद होणारच, म्हणून पहिल्या पानावर नाव लिहा. मंडळ मोठं असेल तर नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाबद्दल विचारा. २००९ पासून चालू असलेल्या या उपक्रमाच्या ग्रंथपेट्या भारताबाहेरही गेल्या आहेत. पेटी कुणाच्या घरी राहील आणि नोंदवही कोण ठेवेल हे आधी ठरवा, नाहीतर ती गणपतीच्या मखराशेजारी तळघरात जाते.

आणि कधीतरी हायडेलबर्गला जाऊन या. तिथल्या विद्यापीठाची दक्षिण आशिया संस्था १९६२ मध्ये सुरू झाली. ग्युंटर सोंटहायमर इथेच शिकवत. खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा आणि धनगरांच्या ओव्या यांच्यासाठी या जर्मन माणसाने महाराष्ट्राच्या माळरानावर वर्षानुवर्षं पायपीट केली. संस्थेच्या ग्रंथालयात दक्षिण आशियातल्या भाषांमधल्या पुस्तकांचा मोठा संग्रह आहे. जाण्याआधी विद्यापीठाच्या ऑनलाइन सूचीत पुस्तकाचं नाव रोमन लिपीत टाकून शोधा, देवनागरीत बऱ्याचदा सापडत नाही. मराठी ‘ळ’साठी ‘एल’खाली टिंब असतं, शोधताना ते टिंब सोडून दिलं तरी चालतं. पुस्तक बंद कोठारात असेल तर मागणी एक-दोन दिवस आधी नोंदवून ठेवा. तेवढा प्रवास करायचा नसेल तर आधी श्टुटगार्टच्या व्युर्टेम्बेर्गिशे लांडेसबिब्लिओथेक या राज्य ग्रंथालयामधून आंतरग्रंथालयीन मागणी, म्हणजे ‘फेर्नलाये’, करून बघा. पुस्तक यायला थोडे दिवस लागतात.